उजनीच्या पाण्यावर वळवाने गाठलं तर

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग काळवंडले की सरळ किनारा गाठायचा. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटून ६ जणांचा जीव गेला.

मध्येच अडकलात तर आधी शीड उतरवून घट्ट बांधा. नांगर नाळेवरून, म्हणजे पुढूनच टाका. मागून टाकला तर लाटा थेट आत येतात. दोर पाण्याच्या खोलीच्या सातपट सोडा: ५ मीटरला ३५. आखूड दोराने नांगर वर उचलला जातो आणि होडी घसरत जाते. सगळ्यांनी लाइफ जॅकेट घालून तळाशी, डोलकाठीपासून लांब बसायचं. एका बाजूला गर्दी नको. स्टोव्ह बंदच. कडक भाकरी नि शेंगाचटणी असताना तो हवा कशाला? शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबूनच नांगर उचला.