सुरीचा उतार आधी बघा, नक्षी नंतर

जपानात सुऱ्यांच्या दुकानात नव्याने लागणाऱ्यांसाठी हे लिहितोय. शिरोगामी, आओगामी, व्हीजी-१० ही पोलादांची नावं तुम्हाला पाठ असतीलच, गिऱ्हाइकालाही असतात. पण सुरी नीट बनलीय की नाही, हे त्यावरून कळत नाही. पात्यावरच्या दमास्कस नक्षीच्या लाटांवरून तर मुळीच नाही. लाटा बाहेरच्या थरात असतात, कापतं ते मधलं पोलाद.

पाठीवरून टोकाकडे एका डोळ्याने बघा, वाक किंवा पीळ लगेच दिसतो. पाठीच्या आणि टाचेच्या, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या टोकाच्या, कडांवरून बोट फिरवा. त्या गोल केलेल्या असतील तर करणाऱ्याने शेवटी कंटाळा केलेला नाही.

खरी गोम उतारात आहे, म्हणजे शिनोगीपासून (पातं जिथून धारेकडे उतरायला लागतं ती रेषा) धारेपर्यंतच्या पट्ट्यात. सुऱ्यांसाठी प्रसिद्ध साकाई शहरातली यानागिबा (कच्च्या माशाचे काप करायची लांब सुरी) किंवा देबा (मासा साफ करायची जाड सुरी) घ्या. धार लावताना हा अख्खा पट्टा दगडावर टेकवतात. त्यात खळगा असेल तर तिथे दगड लागतच नाही. खळगा धारेपर्यंत गेलेला असेल तर धारही तिथे आत जाते आणि पाटाला टेकत नाही. मग पातीचा कांदा चिरला की तुकडे सुटे न होता माळेसारखे लोंबतात. गिऱ्हाईक म्हणतं धार गेली. धार गेलेली नसते, मुळात तिथे उतारच चुकलेला असतो.

नव्या सुरीत हे दिसत नाही, कारण उतार बऱ्याचदा धुरकट असतो. दगडावर घासून आणलेली कासुमी, म्हणजे धुरकट झिलई, वेगळी आणि वाळूचा मारा करून आणलेला धुरकटपणा वेगळा. मी बरेच दिवस दुसऱ्यालाच कारागिरी समजत होतो. दगडाच्या झिलईत बारीक रेघा असतात, एका दिशेने जाणाऱ्या. वाळूने आलेला धुरकटपणा खळग्यातही तितकाच मऊ आणि एकसारखा बसतो, म्हणून तर तो सगळं झाकतो. चकाकणारा उतार असेल तर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब टाचेपासून हळूहळू पुढे सरकवा. टोकाजवळ ते वळणारच, पण मध्येच चिमटलं किंवा फुगलं तर तिथे पृष्ठभाग वर-खाली आहे. धुरकट उतारावर प्रतिबिंब पडत नाही. तिथे स्टीलच्या पट्टीची कड उतारावर लांबीच्या दिशेने टेकवा आणि खिडकीकडे धरून फटीतून उजेड येतो का बघा. आडवी टेकवू नका. काही उतार मुद्दाम किंचित फुगीर ठेवतात, उगाच चांगल्या सुरीला नावं ठेवाल. टाचेकडून काढलेल्या फोटोंवर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण त्यात फक्त टाच दिसते, बाकीचं पातं नाही.

एकधारी, म्हणजे एकाच बाजूला उतार असलेली, सुरी उलटी करून मागची बाजूही बघा. मधल्या खोलगट भागाभोवतीची सपाट किनार बारीक आणि सारखी हवी. एकीकडे रुंद, एकीकडे गायब, तर सुरी परत ठेवा.

साकाईत लोहार वेगळा, घासणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. पात्यावर कोरलेलं नाव बऱ्याचदा चौथ्याचंच, विकणाऱ्याचं. सगळे लोहाराच्या पाया पडतात, पण तुम्ही जे तपासताय ते जवळजवळ सगळं घासणाऱ्याचं काम आहे. व्हिडिओतल्या गुरूंपेक्षा, जेमतेम तीन शब्द बोलणाऱ्या म्हाताऱ्या घासणाऱ्याजवळ उभं राहणं परवडतं.

एवढं वाचून घाबरू नका. मूठ आणि पात्याच्या खांद्यामधली छोटी फट दोष नाही, ती ठेवलेलीच असते. कुरोउचीचा, म्हणजे भट्टीतून आलेला न घासलेला, काळा थर कुठे दाट, कुठे विरळ असतोच. मऊ लोखंडाच्या थराची सुरी किंचित वाकली असेल तर दुकानात खाच पाडलेल्या लाकडी दांड्याने सरळ करतात. होन्याकी मात्र मऊ थर नसलेली, अख्खी एकाच पोलादाची, तिला हात लावू नका, तुटू शकते. उथळ खळगे धार लावता लावता हळूहळू निघून जातात.

मालकाकडे एखादी जुनी, न विकली गेलेली देबा मागा. उतारावर मार्करने रेघा ओढा आणि १००० नंबरच्या दगडावर चार हात मारा. शाई जिथे राहील तिथे खळगा. त्याआधी दगड सपाट करून घ्या, नाहीतर दगडाचा खळगा सुरीच्या माथी माराल.