गोव्यातल्या आडनावाचं मूळ शोधायचंय? स्पेलिंग सोडा, गाव धरा

आडनावाचं मूळ शोधायला बसलेला माणूस पहिल्यांदा अडकतो तो स्पेलिंगवर. आजोबांच्या सेर्तिदांवावर (पोर्तुगीज काळातल्या दाखल्यावर) एक, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आपल्या आधार कार्डावर तिसरं, आणि मग घरात वाद सुरू होतो की आपलं खरं स्पेलिंग कुठलं. माझं स्पष्ट मत आहे की गोव्यात खरं स्पेलिंग असं काही नसतंच. आडनाव तोंडातोंडी चालत आलं, कागदावर उतरवलं ते समोर बसलेल्या कारकुनाने, पोर्तुगीज काळात पोर्तुगीज कानाने आणि १९६१ नंतर इंग्रजी कानाने. एकाच घरातल्या दोन भावांची स्पेलिंगं वेगळी निघाली तर त्यात भांडण किंवा लपवाछपवी काही नसते, दोघं वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या टेबलासमोर उभे राहिले एवढंच.

म्हणून पहिलं काम असं करा की घरात असेल नसेल तो कागद बाहेर काढा. जन्माचे दाखले, लग्नाची नोंद, जमिनीच्या विक्रीची जुनी इश्क्रितूर (खरेदीखत), वाटणीचे इन्व्हेंटरीचे कागद, देवस्थानच्या पावत्या, आजीच्या ट्रंकेतली पत्रं, सगळं. प्रत्येक कागदावरचं आडनाव जसंच्या तसं, मात्रा-टिंबासकट उतरवून घ्या, बाजूला वर्ष आणि गाव लिहा. इथे एक चूक हमखास होते, आपण लिहिता लिहिता स्पेलिंग 'सुधारतो'. सुधारू नका, त्या चुकीच्या वाटणाऱ्या अक्षरातच माहिती असते.

आता ती अक्षरं वाचायची कशी. पोर्तुगीज स्पेलिंग इंग्रजीसारखं वाचलं की सगळं बिघडतं. एक्स म्हणजे श. जुन्या कागदावर एक्स-आय-आर-ओ-डी-सी-ए-आर दिसलं तर ते साधं शिरोडकर आहे, आणि एक्स-ई-टी-ई म्हणजे शेट. क्यू-यू नंतर ई किंवा आय आला की तो क, म्हणून केणी, केळेकर, केंकरे ही मंडळी सगळी क्यू खाली सापडतात, के खाली शोधत बसलात तर रजिस्टर संपेल पण नाव मिळणार नाही. पोर्तुगीज कारकून के जवळजवळ वापरतच नसे, काकोडकर-बांदोडकर यांच्यातला क तो सी ने लिहायचा. ज साठी झेड, त्यामुळे जोशी झेडमध्ये आणि जांबावली गावही झेडमध्ये. एच चा उच्चारच नाही, म्हणून तर हळदोणेचं आल्डोना झालं आणि हणजुणेचं अंजुना. ध, भ, ख यांच्यातला हकार पण तसाच गळतो, धेंपे डी ने, खांडेपारकर नुसत्या सी ने.

देसाईचं उदाहरण जरा नीट बघा कारण यावरून पूर्ण पद्धत कळते. गोव्यात खूप देसाई डबल एस लिहितात. बाहेरच्या माणसाला वाटतं ही न्यूमरॉलॉजी असणार. पण पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांच्या मध्ये एकच एस आला की त्याचा उच्चार झ होतो, म्हणजे एकेरी एस लिहिला असता तर वाचणाऱ्याने 'देझाई' वाचलं असतं, म्हणून कारकुनाने एस दुप्पट केला. आसगाव, अस्नोडा, असोळणा या गावांच्या स्पेलिंगमध्ये डबल एस आहे तो पण ह्याच कारणाने. आणि ह्याच नियमाची उलटी बाजू म्हणजे सौझा, आजच्या पोर्तुगीज स्पेलिंगमध्ये एस असून उच्चार झ, मग मुंबईला नोकरीला गेलेल्यांच्या इंग्रजी कागदावर कानाला ऐकू येतं तसं झेड पक्कं झालं आणि डी नंतर वरचा स्वल्पविराम (अपॉस्ट्रॉफी) लागून डिसोझा. १९११ साली पोर्तुगालने स्वतःचं शुद्धलेखन बदललं तेव्हा तिथे सौझा, मेनेझिस यांच्यातला झेड जाऊन एस आला, लुईसच्या शेवटचा झेडही गेला. म्हणजे १९११ च्या आधीचा आणि नंतरचा सरकारी कागदसुद्धा एकमेकांशी जुळेलच असं नाही.

नाकातले उच्चार हा वेगळा घोळ. गावाच्या शेवटी येणारा आय-एम हा खरा म नाहीच, तो अनुस्वार आहे, थिवीं, बेतीं, कुंकळ्ळीं. साळगाव, पिळगाव अशा गावांच्या शेवटी ए वर लाटेसारखी खूण असायची, टाइपरायटरवर ती खूण पडली नाही आणि नाकातला उच्चार कागदावरून गेला. साळगांवकरचं जे स्पेलिंग आपण बोर्डावर बघतो त्यात एन का नाही याचं उत्तर त्या पडलेल्या खुणेत आहे. तसंच सी च्या खाली शेपटी असली की तो स. म्हापशाच्या नावात ती शेपटी होती, गोन्साल्विसमध्ये पण होती. शेपटी गेल्यावर काहींनी सी तसाच ठेवला आणि काहींनी एस केला, झाली दोन आडनावं.

आणखी एक, अ चा ओ. आपला ऱ्हस्व अ पोर्तुगीज कानाला ओ ऐकू यायचा, म्हणून पै चं पोय, प्रभूचं पोरोब, भटाचं बोतो. त्यात कोकणीत एकेरी पुल्लिंगी नाव ओ ने संपतं, मराठीत आदरार्थी ए ने. घरी बोलताना धेंपो, काकुलो आणि मराठी निमंत्रण पत्रिकेवर धेंपे, काकुले, माणसं तीच. कोकणी रूप कागदावर गेलेल्यांचं स्पेलिंग ओ वर संपतं, हे एकदा लक्षात आलं की अर्धी कोडी तिथेच सुटतात.

अक्षरं वाचता आली की गावाकडे या. आपल्याकडे बहुतेक कर-वाली आडनावं गावावरून आली, पर्रेचे पर्रीकर, बोरीचे बोरकर, लोटलीचे लोटलीकर, पार्सेचे पार्सेकर, मडकईचे मडकईकर. पण असं बघा, पर्रेतच राहणाऱ्या माणसाला शेजारी पर्रीकर कशाला म्हणतील? गाव सोडून दुसरीकडे गेल्यावर तिथल्या लोकांनी दिलेली ही ओळख आहे. म्हणजे कर-वालं आडनाव तुम्हाला सांगतं की घराणं निघालं कुठून, आणि त्याच्या आधीचं एक आडनाव बहुतेक वेळा मागे लपलेलं असतं, शेणवी, नायक, प्रभू, कामत, गावकर असं काहीतरी. जुन्या कागदात ही दोन्ही एकत्र सापडतात, 'सिनाय' (म्हणजे शेणवी) आणि पुढे गावाचं नाव. दीनानाथ मंगेशकरांनी मंगेशी गावावरून आडनाव घेतलं, आणि त्याच गावच्या अभिषेकींचं आडनाव देवळातल्या अभिषेकाच्या सेवेवरून. गाव एक, देव एक, आडनावं दोन.

गाव कळत नसेल तर कुलदेव विचारा, घरात आडनावाबद्दल कोणाला काही माहीत नसलं तरी नवस कुठे फेडायचा हे आजीला नक्की माहीत असतं. फक्त देऊळ आज जिथे आहे तिथलंच आपलं घराणं असं धरू नका. बार्देस आणि सासष्टी हे तालुके १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले आणि पुढच्या काही वर्षांत तिथले देव नदीपलीकडे हलवावे लागले. मंगेश १५६० मध्ये कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, रामनाथ लोटलीहून बांदिवड्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, कामाक्षी रायहून शिरोड्याला. म्हणजे तुमचा देव कवळ्याला असेल तर मुळाचा शोध केळशीच्या दिशेने सुरू करायचा. देवस्थानांचा कारभार १९३३ च्या माझानिया कायद्याने चालतो आणि त्याप्रमाणे महाजनांच्या, म्हणजे देवस्थानच्या हक्कदार घराण्यांच्या, याद्या असतात. देवस्थानच्या कार्यालयात जाऊन कमिटीच्या माणसाला यादीतलं आपलं घराणं बघायला विनंती करा. उत्सवाच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी कोणाला डोकं वर काढायला वेळ नसतो.

ख्रिस्ती घराण्यांचा शोध थोडा वेगळा आणि माझ्या मते जास्त विचारपूर्वक करायला हवा. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा, रॉड्रिग्ज रॉड्रिगोचा, पेरेरा म्हणजे नाशपातीचं झाड, कोयलो म्हणजे ससा, ही माहिती नेटवर ढिगाने मिळते आणि सोबत चारशे वर्षांपूर्वीची पोर्तुगीज ढाल-तलवारीची चिन्हंसुद्धा विकायला असतात. त्याचा तुमच्या घराण्याशी काही संबंध नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचं, धर्मपित्याचं किंवा एखाद्या अधिकाऱ्याचं आडनाव मिळालं, त्यामुळे एका आडनावाची दोन घरं रक्ताची असतीलच असं नाही आणि सख्ख्या भाऊबंदांची आडनावं वेगळी असू शकतात. संमोहनशास्त्रासाठी ओळखले जाणारे गोव्याचे पाद्री एबे फरिया कांदोळीला जन्मले, १७५६ साली, पण त्यांचा पूर्वज कोलवाळचा अंतू शेणवी होता असं सांगितलं जातं, फरिया या नावावरून तिथपर्यंत कधीच पोचता आलं नसतं.

इथे उपयोगी पडते कोमुनिदाद. गावाची गावकी, जिचे रीतिरिवाज आफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या १५२६ च्या फोरालमध्ये (सनदेत) लिहून घेतले गेले. धर्म बदलला, आडनाव बदललं, पण गावकरपणाचा हक्क आणि जोण (गावकीच्या उत्पन्नातला गावकराचा वाटा) बापाकडून मुलाकडे जात राहिला, म्हणून वांगड, म्हणजे गावकरांचं मूळ कूळ, टिकलं. कुंकळ्ळीला जाऊन बघा, शांतादुर्गेच्या सोंत्र्यांच्या (छत्र्यांच्या) उत्सवात १२ छत्र्या निघतात त्या १२ वांगडांच्या, आणि त्यात हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही गावकर असतात. आपलं वांगड कुठलं हे कळलं तर फर्नांडिसच्या मागचं घराणं सापडायची शक्यता खूप वाढते. कोमुनिदादच्या क्लार्ककडे गावकरांची नोंद असते, वडील-आजोबांच्या नावाने विचारा, आडनावाने नको.

मग सरकारी नोंदी. तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे जाताना अंदाजे वर्ष आणि गाव हातात पाहिजेच, नाहीतर काउंटरवरून परत पाठवतील. छोटा छापील दाखला घेऊ नका, 'तेओर' मागा, म्हणजे मूळ नोंदीची पूर्ण नक्कल. त्यात बऱ्याचदा आईवडिलांबरोबर दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावं असतात, एका कागदात दोन पिढ्या मागे जाता येतं, आणि समासात नंतर केलेल्या दुरुस्त्या असतात त्या आधी वाचा. सिव्हिल नोंदीच्या आधीच्या काळासाठी ख्रिस्ती घराण्यांना चर्चची बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यूची पुस्तकं आहेत, त्यातली बरीच जुनी पुस्तकं आता पणजीच्या पुराभिलेख खात्यात मिळतात. ह्या संग्रहाची सुरुवात १५९५ सालची, पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कौतो हा त्याचा पहिला रखवालदार. तिथे मोडी आणि गोयकानडी (गोव्यातली जुनी लिपी) लिपीतलेही कागद आहेत, वाचता येत नसेल तर मोडी वाचणारा माणूस सोबत न्या, अंदाजाने वाचून वंशावळ बनवू नका.

गोव्याबाहेर गेलेली शाखा शोधायची असेल तर स्पेलिंगचे सगळे पर्याय घेऊन निघा. इथला कामत कारवार-मंगळुरूकडे एच लावून कामथ होतो, शेणवीचा शेणॉय, नाईकाचा नायक, केणींचा किणी. मंगळुरूच्या ख्रिस्ती घरांत तर आपण मूळचे प्रभू, कामत, पै आहोत ही आठवण अजून जपलेली सापडते, त्यांना कुलदेव विचारू नका, मूळ गाव विचारा.

शेवटी कागद जुळवायचा प्रश्न, विशेषतः १९ डिसेंबर १९६१ च्या आधी जन्मलेल्या आईवडिलांची नोंद पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला करायची असेल किंवा जमिनीचा वारसा लावायचा असेल तेव्हा. तीन स्पेलिंगं तीन कागदांवर असली तर घाबरून सगळं बदलत सुटू नका. फरक किरकोळ असेल तर आधी वकिलाला विचारा की दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं अ‍ॅफिडेव्हिट चालेल का, बऱ्याच कामांना तेवढं पुरतं. आडनावच बदलायचं असेल तर त्याला १९९० चा गोव्याचा नाव-आडनाव बदलाचा कायदा आहे, अर्जाच्या सध्याच्या अटी आधी रजिस्ट्रारकडे जाऊन बघून घ्या, कारण त्या बदलतात. आणि मुलाचा दाखला करताना नवीन, 'छान दिसणारं' स्पेलिंग काढू नका, जे वडिलांच्या कागदावर आहे तेच ठेवा, नाहीतर तीस वर्षांनी त्यालाच अ‍ॅफिडेव्हिट करत फिरावं लागेल. बदललंच तर जुन्या दाखल्याची अटेस्टेड कॉपी आणि गॅझेटचं पान एकाच फाइलमध्ये ठेवा, आणि फाइलवर तिन्ही स्पेलिंगं लिहा.