कोकरू थंडीनं गेलं म्हणता, पण त्याचं पोट चाचपून बघितलं होतं का?

मेंढ्या व्यायला लागल्या की माझा फोन वाजायला लागतो. वाक्य ठरलेलं असतं, "दादा, रात्री कोकरू थंडीनं गेलं." मी विचारतो दूध प्यायलं होतं का, तर म्हणे "हो हो, कासेला तोंड लावलं होतं ना." झालं, तिथंच मला कळतं काय घडलं असेल ते. तोंड लावणं वेगळं आणि पोटात जाणं वेगळं, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता घरातली बारकी पोरं पण माझ्या आधी बोलून दाखवतात.

कोकरू जन्माला येतं तेव्हा अंगात थोडी खास चरबी घेऊन येतं, मूत्रपिंडाच्या आजूबाजूला वगैरे असते ती, आणि तीच जाळून ते अंग गरम ठेवतं. ही शिदोरी साधारण पाच तासांची, अंग ओलं आणि वर वारा असेल तर त्याहून कमी. तेवढ्यात चीक पोटात गेला तर ठीक, नाही गेला तर मग थंडीचं नुसतं निमित्त. पोट भरलेलं कोकरू बऱ्यापैकी गारठा काढतं हो, उपाशी कोकरू साध्या पहाटेच्या वाऱ्यानं पण जातं.

माझीच गोष्ट सांगतो, सुरुवातीच्या वर्षांतली. जुनी जाणती मेंढी, चौथं वेत, जुळं दिलं. दोन्ही कोकरं पंधरा-वीस मिनिटांत उभी राहिली, शेपट्या हलवत कासेला ढुशा मारतायत, मी म्हटलं वा, आपलं काम झालं, आणि गेलो झोपायला. पहाटे बघतो तर एक टुणटुणीत आणि दुसरं पाठीला पोक काढून कोपऱ्यात पडलेलं, अंग गार, मान पण धरवत नव्हती. मी काय केलं असेल? उचललं, शेकोटीपाशी नेलं, पोत्यात गुंडाळलं आणि बाटलीनं कोमट दूध तोंडात सोडलं. थोड्या वेळानं झटके आले आणि संपलं. डॉक्टरांनी नंतर उघडून दाखवलं, जठर कोरडं ठाक, आत दुधाची एक गुठळी नाही, मूत्रपिंडाभोवतीची चरबी संपलेली, आणि मी पाजलेलं दूध होतं कुठं तर फुफ्फुसात. मग मेंढीची कास धरून बघितली तर एका सडाच्या तोंडाला मेणासारखं बूच तसंच बसलेलं. बिचारं रात्रभर तो बंद सड चोखत होतं आणि मी घोरत होतो.

एका रात्रीत तीन चुका. सड उघडले नाहीत, पोट चाचपलं नाही आणि मान न धरणाऱ्या कोकराला तोंडानं पाजलं. तेव्हापासून माझी सवय अशी की मेंढी व्याली की आधी दोन्ही सडांतून दोन-दोन धारा काढायच्या, बूच निघालं का बघायचं, चीक दाट पिवळसर आहे का पाणी हे पण तेव्हाच कळतं. मग तासाभरानं परत जायचं आणि कोकराच्या पोटाखाली हात घालायचा. भरलेलं पोट हाताला लागतं, रिकामं असेल तर कातडी नुसती लोंबते. आणि तोंडात बोट घालायचं, तोंड आतून गार लागलं तर वेळ थोडा उरलाय समजा.

हिशेब साधा आहे. वजनाच्या दर किलोला ५० मिली चीक, पहिल्या दोन तासांत. तीन किलोचं कोकरू असेल तर १५० मिली, आणि दिवसभरात असं तीन-चार वेळा. चिकातून रोगाशी लढायची ताकद जाते ती आतड्यातून आत घ्यायची सोय जन्मल्यापासून तासातासानं कमी होत जाते आणि २४ तासांत जवळपास बंद. म्हणून "उद्या सकाळी पाजू" म्हणणाऱ्यांना काय बोलावं मला खरंच कळत नाही. ज्या मेंढीला जास्त चीक असतो तिचा थोडा काढून मी छोट्या बाटल्यांत फ्रीझरला टाकतो, लागेल तेव्हा बाटली कोमट पाण्यात ठेवायची. उकळत्या पाण्यात किंवा गॅसवर नाही, चीक फाटतो आणि त्यातलं जे कामाचं तेच मरतं.

गारठलेल्या कोकराचं काय करायचं यात थर्मामीटरशिवाय बोलूच नका. लोकांकडे मोबाईलची चार कव्हरं असतात पण थर्मामीटर नसतो. नॉर्मल ताप ३९ ते ४० डिग्री सेल्सिअस. ३७ ते ३९ असेल तर पुसून कोरडं करा, आडोशाला घ्या आणि चीक पाजा, मान धरत असेल पण चोखत नसेल तर नळीनं, नळी घालायला आधी कुणाकडून तरी समोर उभं राहून शिकून घ्या, व्हिडिओ बघून नको. ३७ च्या खाली असेल आणि कोकरू पाच तासांच्या आतलं असेल तर आधी गरम करा मग पाजा. पण ३७ च्या खाली आणि पाच तासांच्या पुढचं असेल तर नुसतं शेकू नका! त्याच्या रक्तातली साखर संपलेली असते, अंग गरम झालं की मेंदूला साखर पुरत नाही आणि माझ्या त्या कोकराला आले तसे झटके येतात. अशाला आधी पोटात ग्लुकोजचं इंजेक्शन लागतं आणि ते डॉक्टरकडून घ्यायचं, मग शेकायचं, मग पाजायचं. क्रम चुकला की कोकरू गेलं.

आता माझा दुसरा दुखरा विषय. मेंढी वीत असताना आत हात घालायची घाई. मेंढी जरा पाय आपटायला लागली, बाजूला जाऊन जमीन उकरायला लागली की नवीन माणसाचे हात शिवशिवतात. अहो, ती पहिली पायरी आहे, तीन-चार तास चालू शकते, पहिलारू असेल तर आणखी जास्त, तुम्ही लांब उभे राहा. घड्याळ लावायचं ते पाण्याची पिशवी दिसली आणि जोर लावायला लागली तिथून. अर्धा ते एक तास जोर लावूनही काही पुढे सरकत नसेल तर मग बघायचं, आणि बघायचं म्हणजे बघायचं, ओढायचं नाही.

एकाच्या मेंढीला मी रात्री अकराला पोचलो होतो. दोन पाय बाहेर दिसत होते म्हणून दोघं मिळून ओढत होते, एकजण मेंढीला धरून आणि दुसरा पायांना दोरी लावून. मी म्हटलं थांबा, डोकं कुठंय? डोकं कुणी शोधलंच नव्हतं. हात धुऊन, भरपूर वंगण लावून आत घातला तर एक पाय एका कोकराचा आणि दुसरा पाय दुसऱ्याचा. म्हणजे तासभर ते दोन कोकरं एकदम एका दारातून काढत होते. मला एकट्याला सुटेना, डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी एकाला आत ढकलून दुसऱ्याचे पाय जुळवले. एक जिवंत निघालं, एक मेलेलं, आणि मेंढीच्या गर्भाशयाला इतकी सूज आली की पुढच्या हंगामात ती गाभणच राहिली नाही. घाईची किंमत फक्त एक कोकरू नसते बघा.

म्हणून दिसलेला पाय हातानं खांद्यापर्यंत, छातीपर्यंत चाचपत जायचं आणि दुसरा पाय त्याच छातीला जोडलाय का बघायचं. पुढचा का मागचा ते असं ओळखायचं, खुराच्या वरचे दोन सांधे एकाच दिशेला वाकत असतील तर पुढचा, उलट दिशांना वाकत असतील तर मागचा. सरळ येणाऱ्या कोकराचे दोन पुढचे पाय आणि त्यावर टेकलेलं नाक. मागचे दोन्ही पाय आधी आले तरी, म्हणजे आपल्या भाषेत पायाळू, ते निघू शकतं, फक्त नाळ दाबली जाते म्हणून अर्ध्यात थांबायचं नाही. नुसती शेपटी लागली, किंवा डोकं मागं वळलेलं असलं आणि दहा मिनिटांत जमलं नाही, तर डॉक्टर. ओढायचं ते मेंढी जोर लावेल तेव्हाच, खालच्या बाजूला. आणि कळा वाढायचं इंजेक्शन स्वतःच्या मनानं देणाऱ्यांवर माझा फार राग आहे, गर्भपिशवीचं तोंड उघडलेलं नसताना किंवा कोकरू आडवं असताना ते दिलं तर गर्भाशय फाटू शकतं. शॉर्टकट म्हणे.

वार, म्हणजे कोकरामागून पडते ती झिल्ली, पडली नाही म्हणून तिला दगड बांधणारे पण अजून आहेत. वार साधारण सहा तासांत पडते, नाही पडली तरी ओढू नका, बांधू नका, ताप बघा आणि डॉक्टरांना कळवा.

बाकी अर्ध्या चुका वाड्यात नाही तर दोन महिने आधी गव्हाणीत झालेल्या असतात. पोटातल्या कोकराची सत्तर टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते, आणि नेमकं तेव्हाच गर्भाशयानं जागा व्यापल्यामुळे मेंढीच्या पोटात चारा कमी मावतो. जुळं असेल तर नुसत्या वाळल्या चाऱ्यावर तिचं भागतच नाही. मग ती स्वतःची चरबी जाळते, कळपाच्या मागं राहते, खात नाही, आंधळ्यासारखी धडकते, श्वासाला गोडसर नासका वास येतो, आणि तुम्ही म्हणता अचानक झालं. अचानक काही नसतं. दीड महिना आधीपासून खुराक सुरू करा, रोज थोडा थोडा वाढवत, दोन वेळा विभागून, एकदम ढीग टाकला तर पोट आंबून मरेल ती वेगळी भानगड. खुराकाच्या वेळी प्रत्येकीला दीड फूट तरी जागा पाहिजे, नाहीतर दांडग्या खातात आणि जिला गरज ती बघत उभी राहते. आणि डोळ्यांनी अंदाज घेऊ नका, लोकर फसवते. पाठीच्या कण्यावर हात दाबून बघा, हाडं टोचली तर हडकलेली, हाड लागलंच नाही तर फाजील लठ्ठ, आणि लठ्ठ मेंढीलाही हाच आजार होतो हे कुणी लक्षात घेत नाही.

आता नराबद्दल. मेंढ्या गाभण राहिल्या नाहीत की दोष मेंढीला, नराकडे बघायचंच नाही. नराला ताप येऊन गेला, उन्हानं भाजला, की त्याचं वीर्य पुढचे दोन महिने खराब असू शकतं, कारण तयार व्हायलाच सात-आठ आठवडे लागतात. म्हणून सोडायच्या दोन महिने आधीपासून त्याची काळजी, अंडकोष दोन्ही सारखे आणि घट्ट आहेत का हातानं बघणं, खूर, डोळे, दात, सगळं. जाणत्या नराला ३०-४० मेंढ्या पुरेत, कोवळ्याला कमी. मी नराच्या छातीला तेलात कालवलेला रंग लावतो, नर चढला की तो मेंढीच्या पाठीला लागतो, आणि दर १७ दिवसांनी रंग बदलतो, कारण मेंढी साधारण तेवढ्यानंच परत माजावर येते. दुसऱ्या रंगाच्या मेंढ्या चार-दोन असतील तर ठीक, निम्मा कळप दुसऱ्या रंगाचा झाला तर नर बदला, वाट बघत बसू नका. वरून फायदा असा की रंगावरून तारीख कळते, साधारण १४७ ते १५० दिवस मोजले की कुठली कधी व्यायची ते वहीत असतं. तारीख माहीत नसेल तर शेवटचे सहा आठवडे कधीपासून मोजणार?

आता भराभर. गाईची नाहीतर शेळीची खनिज पावडर मेंढीला घालू नका, मेंढीला तांबं सोसत नाही, यकृतात साठत जातं आणि एक दिवस डोळे पिवळे, लघवी काळपट लाल, आणि मेंढी आडवी. नाळ ७ टक्के आयोडिनमध्ये बुडवा, वरून थेंब शिंपडून समाधान मानू नका, पंधरा दिवसांनी गुडघे सुजलेली कोकरं ही त्याचीच भेट. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल हे जंताचं औषध नको, पोटातल्या पिल्लात व्यंग येऊ शकतं. आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष होणाऱ्या रोगाची लस व्यायच्या महिनाभर आधी, म्हणजे चिकातून कोकराला मिळते, आणि आधी कधीच दिली नसेल तर दोन डोस लागतात. पूर्ण वाढीच्या वजनाच्या दोन-तृतीयांश वजन झाल्याशिवाय कोवळी मादी नराला दाखवू नका, एक वेत लवकर मिळतं आणि मेंढी कायमची खुरटते. व्यालेल्या मेंढीला एक-दोन दिवस पाच बाय पाच फुटांच्या वेगळ्या खणात कोकरांसोबत ठेवा, आणि कोकरू उचलून घरात नेऊन स्वच्छ पुसून परत आणू नका, वास गेला की आई ओळखत नाही.

मेंढ्यांनी गाभ टाकायला सुरुवात केली तर त्या बाजूला काढा, पडलेलं पिल्लू आणि वार हातमोजे घालून थंड डब्यात तपासणीला पाठवा, कुत्र्यांना टाकू नका. घरात कुणी गरोदर असेल तर तिला त्या वाड्यात अजिबात पाठवू नका, यातले काही रोग माणसाला लागतात आणि पोटातल्या बाळावर जातात. मांजरं खुराकाच्या साठ्यात हागत असतील तर झाकण आणा, रोग यायचा तो एक मोठा मार्ग आहे.

आणि वही. कुठलीला एकच सड चालू, कुठलीची गर्भपिशवी बाहेर आली होती, कुठलीनं कोकराला लाथा मारल्या, त्याच दिवशी कानाच्या बिल्ल्याच्या नंबरासकट लिहायचं. मी अशा मेंढीच्या पाठीवर लाल रंगाचा एक पट्टा पण ओढतो, कारण सहा महिन्यांनी ती गुटगुटीत दिसते, मनात येतं ठेवू की अजून एक वेत, आणि मग तो पट्टा दिसतो.