मोठ्या शहरात फिरायला गेल्यावर झू आणि अॅक्वेरियम निवडताना या चुका टाळा

हॉटेलचे रिव्ह्यू रात्र रात्र जागून वाचतात लोक, पण झूचा विषय आला की "एक दिवस मुलांसाठी ठेवू मध्ये कुठेतरी" एवढ्यावर प्लॅनिंग संपतं. मग कुठल्यातरी टॉप टेन यादीतलं पहिलं नाव उचलायचं, भर दुपारी बारा वाजता पोचायचं, झोपलेल्या सिंहाची पाठ बघायची, पाय मोडेस्तोवर चालायचं आणि वर म्हणायचं की झूमध्ये काही दम नव्हता.

माझं मत विचाराल तर निवडताना दोनच गोष्टी बघाव्यात. एक म्हणजे इथे असं काय आहे जे दुसरीकडे सहज दिसणार नाही, आणि दुसरं, ते दिवसाच्या कुठल्या वेळी दिसतं. बाकी किती प्रजाती, किती नंबरचं रँकिंग, याला काही अर्थ नाही.

जुन्या याद्यांवर भरवसा

ही चूक सगळ्यात कॉमन. सिंगापूरचंच घ्या. अजूनही कितीतरी ठिकाणी "जुरॉंग बर्ड पार्क चुकवू नका" असं लिहिलेलं सापडेल, पण ते 2023 च्या जानेवारीत बंद झालं, पक्षी मंडाई नावाच्या भागात हलवले आणि तिथे बर्ड पॅराडाइज नावाने नवीन पार्क सुरू झालं, म्हणजे शहराच्या दुसऱ्याच टोकाला. सेंटोसावरचं एसईए अॅक्वेरियम 2025 मध्ये वाढवून सिंगापूर ओशनेरियम झालं, आणि त्याच बेटावरचं अंडरवॉटर वर्ल्ड तर 2016 लाच बंद पडलंय. एका शहरात तीन बदल, आणि याद्या मात्र तशाच कॉपी पेस्ट होत फिरतायत. बर्लिनमध्ये हॉटेलच्या लॉबीत उभा असलेला अॅक्वाडोम हा दहा लाख लिटरचा अॅक्रिलिकचा टॅंक 16 डिसेंबर 2022 ला पहाटे फुटला, त्याचेही फोटो "मस्ट सी" म्हणून अजून दिसतात.

पांडाचं तर विचारूच नका. चीनबाहेरचे जवळजवळ सगळे पांडा चीनने कराराने दिलेले असतात, करार संपला की परत जातात. वॉशिंग्टनच्या नॅशनल झूमधले नोव्हेंबर 2023 मध्ये गेले, नवीन जोडी ऑक्टोबर 2024 ला आली आणि लोकांना बघायला मिळाली ती थेट जानेवारी 2025 मध्ये. एडिनबर्गचे डिसेंबर 2023 मध्ये गेले. मधल्या काळात तिकीट काढून गेलेल्यांनी काय बघितलं असेल, रिकामं बांबूचं अंगण. आणि लंडन झूमध्ये हत्ती शोधत फिरणारे लोक तर कायमच भेटतील, तिथले हत्ती 2001 सालीच शहराबाहेरच्या व्हिप्सनेड झूला नेलेत.

उपाय सोपा आहे, ज्या प्राण्यासाठी जायचंय त्याचं नाव झूच्या स्वतःच्या साइटवर शोधायचं, आणि जायच्या आठवड्यात "आज काय बंद आहे" ही नोटीस परत एकदा बघायची. पिल्लू झालं, दुरुस्ती चालू आहे, बर्ड फ्लूमुळे पक्ष्यांचा भाग बंद आहे, ही कारणं अचानक येतात.

नाव एक, झू भलतंच

मोठ्या शहरांत बऱ्याचदा एकाहून जास्त झू असतात आणि मॅपवर पहिलं दिसलं ते धरून लोक निघतात. बर्लिनमध्ये दोन आहेत, पश्चिमेकडचं 1844 चं जुनं झू, ज्याला लागूनच अॅक्वेरियम आहे, आणि पूर्वेकडचं 1955 चं टिअरपार्क, जे 160 हेक्टरवर पसरलेलं आहे आणि जिथे प्राण्यांपेक्षा झाडं जास्त वाटावीत इतकी मोकळी जागा आहे. न्यूयॉर्कमध्ये सेंट्रल पार्कचं झू साडेसहा एकर आणि ब्रॉंक्सचं 265 एकर, चालवणारी संस्था एकच. हातात दोन तास असतील तर सेंट्रल पार्कचं बरं, अख्खा दिवस असेल तर ब्रॉंक्स, पण दोन तास घेऊन ब्रॉंक्सला जाणं म्हणजे नुसती दमछाक. सॅन डिएगोमध्ये झू शहरात आहे आणि सफारी पार्क पन्नासेक किलोमीटरवर एस्कॉन्डिडोला, ते 1,800 एकरांचं, दोन्हीकडे एका दिवसात जाऊ असं कोणी म्हणालं तर त्याच्या हातात नकाशा द्या.

एकरांचा आकडा बघायचा तो याचसाठी, मोठं म्हणजे भारी म्हणून नाही, तर आपल्यातले कोण किती चालणार हे कळावं म्हणून. सॅन डिएगो झू दऱ्या-उतारांवर बसलंय, सोबत आजी-आजोबा असतील तर आधी तिथली बस टूर घ्या, मग ठरवा कुठे उतरून चालायचं ते. लोक उलटं करतात, आधी चालून थकतात आणि मग बसची रांग लावतात.

बारा वाजता पोचणं

हा मुद्दा जरा नीट सांगतो कारण निम्मी निराशा इथेच होते. सिंह दिवसातले वीसेक तास आडवाच असतो, कोआलाचंही तेच, यात झूचा काही दोष नाही. बरेचसे मोठे सस्तन प्राणी पहाटे आणि संध्याकाळी हालचाल करतात, दुपारी सावली धरून पडतात. त्यामुळे गेट उघडतं तेव्हा आत शिरणं हीच सगळ्यात चांगली वेळ, आणि परदेशी ट्रिपमध्ये जेट लॅगने पहाटे चारला डोळे उघडत असतील तर तो दिवस झूला देऊन टाकावा, तेवढाच त्याचा उपयोग. आत शिरल्यावर गेटजवळचे फ्लेमिंगो आणि मीरकॅट बघत अर्धा तास घालवू नका, ते दिवसभर तिथेच असतात. सरळ चालत सगळ्यात लांबच्या वाघा-अस्वलांपाशी जा आणि मग उलट्या दिशेने परत या, गर्दी तुमच्या समोरून येईल पण तुमचं महत्त्वाचं बघून झालेलं असेल.

संध्याकाळी हालचाल असते म्हणून शेवटच्या तासाला जावं का, तर नाही. बऱ्याच ठिकाणी बंद व्हायच्या आधीच प्राण्यांना रात्रीच्या खोलीत घ्यायला सुरुवात होते, थंडीच्या दिवसांत तर आणखी लवकर. शेवटची एंट्रीही बंद होण्याच्या तासभर आधी असते, टोकियोचं उएनो झू पाचला बंद होतं पण चारनंतर आत सोडत नाहीत.

रात्रीचे प्राणी बघायचे असतील तर त्यासाठी बनवलेल्या जागीच जावं. सिंगापूरची नाइट सफारी 1994 मध्ये सुरू झाली, निशाचर प्राण्यांसाठीचं जगातलं ते पहिलं झू. तिथे बरेच लोक ट्रॅममध्ये बसून एक चक्कर मारतात आणि "अंधारच होता" म्हणत बाहेर येतात. पायवाटा सोडू नका, बिबट्या आणि फिशिंग कॅटच्या नावाच्या वाटाच आहेत, त्या चालत बघायच्या. फिशिंग कॅट पाण्याच्या काठावर दबा धरून बसलेली असते, ती हलेपर्यंत दोन-तीन मिनिटं गप्प उभं राहावं लागतं, ट्रॅम काही तुमच्यासाठी थांबणार नाही.

एकदा बघितलेलंच अॅक्वेरियम परत बघणं

अॅक्वेरियमच्या बाबतीत गंमत अशी की जगभरातल्या बऱ्याच शहरांत तेच ते मिळतं, काचेचा बोगदा, डोक्यावरून जाणारा शार्क, थोडे पेंग्विन, हात लावायला स्टारफिश, शेवटी सॉफ्ट टॉयचं दुकान. सी लाइफ ही एकच साखळी लंडन, सिडनी, मेलबर्न, बॅंकॉक अशा कितीतरी शहरांत आहे. वाईट आहे असं नाही, लहान मुलांना धमाल येते, पण एक बघितलं असेल तर पुढच्या शहरात परत तेच बघायला अर्धा दिवस का घालवायचा?

त्यापेक्षा ज्याची रचनाच वेगळी आहे ते निवडा. ओसाकाचं काइयुकान 1990 चं, आत गेल्यावर एस्केलेटरने आठव्या मजल्यावर नेतात आणि मग 5,400 टन पाण्याच्या टॅंकभोवती गोल गोल फिरत तुम्ही खाली उतरता, त्यामुळे तोच व्हेल शार्क आधी वरून, मग बरोबर समोरून, मग खालून पोटाकडून दिसतो. लिस्बनचं ओशनेरियम 1998 च्या एक्स्पोसाठी बांधलं, मधोमध पन्नास लाख लिटरचा एकच टॅंक आणि चार कोपऱ्यांत चार महासागरांचे काठ. कॅलिफोर्नियातलं मॉंटेरे बे अॅक्वेरियम काही मोठ्या शहरात नाही, पण सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे त्याची चौकशी करतातच म्हणून सांगतो, तिथे केल्पचं, म्हणजे मोठ्या समुद्री शेवाळाचं जिवंत जंगल आहे, साडेआठ मीटर उंच, टॅंक वरून उघडा कारण केल्पला खरं ऊन लागतं, आणि पाणी मशीनने सतत हलतं ठेवलेलं. दुपारचं ऊन वरून आत उतरतं आणि ती पिवळसर पानं एकदम उजळतात. झूला नको असलेली दुपार इथे कामाला येते. तेव्हा सकाळी झू, दुपारी एसीतलं अॅक्वेरियम ही जोडी कागदावर चांगली दिसते, पण पाय आपलेच असतात, सोबत लहान मुलं असतील तर दोन वेगळे दिवस ठेवा.

फोटोंची तक्रार सगळ्यांचीच असते. फ्लॅश बंद, फोन काचेला अगदी टेकवून धरायचा म्हणजे मागच्या लाइटचं प्रतिबिंब येत नाही, आणि काचेसमोर सरळ उभं राहायचं, कारण जाड अॅक्रिलिकमधून तिरकं बघितलं की सगळं वेडंवाकडं दिसतं. फोटो निळा येतो तो पाणी लाल रंग गिळतं म्हणून. आणि ऑक्टोपसच्या टॅंकसमोर "यात काहीच नाहीये" म्हणून पुढे जाऊ नका. वरचा कोपरा, दगडाची खाच, तिथे आडवी पट्टीसारखी बाहुली असलेला डोळा शोधा, दगडाचाच रंग घेऊन बसलेला असतो तो, डोळा सापडला की मग हळूहळू सगळा ऑक्टोपस सापडतो.

"सॅंक्चुअरी" पाटी बघून भुलणं

नाव मोठं लक्षण खोटं, हे इथे अगदी फिट बसतं. सॅंक्चुअरी, रेस्क्यू सेंटर, अगदी देऊळ, काहीही पाटी लावता येते. थायलंडमध्ये कांचनबुरीचं टायगर टेंपल हे बॅंकॉकहून दिवसभराची ट्रिप म्हणून वर्षानुवर्षं विकलं गेलं, वाघाला बाटलीने दूध पाजा, मांडीवर डोकं घेऊन फोटो काढा. 2016 मध्ये सरकारी पथक आत गेलं तेव्हा 137 वाघ हलवावे लागले आणि फ्रीझरमध्ये बछड्यांचे चाळीस मृतदेह सापडले.

एक साधी कसोटी ठेवा, वाघ-सिंहाचं पिल्लू हातात घेऊन फोटो मिळत असेल तर तिथे जायचंच नाही, कितीही स्टार असोत. पिल्लं काही महिन्यांत मोठी होतात, फोटोसाठी सतत नवीन लागतात, मग जुन्यांचं काय होतं हा प्रश्न आपोआप येतो. अमेरिकेत डिसेंबर 2022 च्या कायद्याने लोकांना वाघ-सिंहांसारख्या मोठ्या मांजरांच्या पिल्लांना असा हात लावू देणं बंदच केलंय. मॉलच्या वरच्या मजल्यावरची छोटी झू आणि घुबडांचे कॅफे यांनाही माझा नकारच, रात्री जागणाऱ्या पक्ष्याला दिवसभर ट्यूबलाइटखाली बसवून डोक्यावरून हात फिरवण्यात बघण्यासारखं काय आहे?

खात्री करायची असेल तर मान्यता तपासा. अमेरिकेत एझेडए (AZA) आणि युरोपात ईएझेडए (EAZA) या झूंच्या संघटना, भारतात सेंट्रल झू अथॉरिटी, यांच्या याद्या त्यांच्या साइटवर आहेत, दोन मिनिटांचं काम. पोचल्यावर स्वतःचे डोळेही वापरा. कुंपणाच्या आतल्या बाजूने मातीत एक गुळगुळीत पट्टा पडलेला असतो, अस्वल किंवा वाघ त्याच पट्ट्यावरून जातो, त्याच ठिकाणी मान वळवतो, परत येतो, परत तेच. खायची वेळ जवळ आली की चांगल्या झूमध्येही प्राणी असे येरझाऱ्या घालतात, म्हणून लगेच निकाल देऊ नका, तासाभराने परत या, तरी तेच चालू असेल तर समजून जा की प्राणी तिथे बरा नाही.

साप्ताहिक सुट्टी, पास वगैरे

उएनो सोमवारी बंद, सोमवारी सरकारी सुट्टी आली तर उघडं आणि मंगळवारी बंद. टोकियोचंच तामा झू बुधवारी बंद असतं, म्हणजे सोमवारी अडकलात तर तिकडे जा, कोआला आणि फुलपाखरांचं घर आहे तिथे. मैसूरचं झू मंगळवारी बंद, दिल्लीचं शुक्रवारी. शनिवार-रविवार गर्दी आणि वीकडेला सकाळी शाळांच्या सहली, यातलं वीकडे बरं, दुपारपर्यंत शाळांच्या बस परत जातात.

सिटी पासमध्ये अॅक्वेरियम "इन्क्लुडेड" असलं तरी वेळेचा स्लॉट बऱ्याच ठिकाणी वेगळा घ्यावा लागतो, हे लोक गेटवर पोचल्यावर वाचतात. पास घेण्याआधी त्यातली खरंच किती ठिकाणं होणार ते मोजा. तिकीट शोधताना सर्चमध्ये पहिली येते ती जाहिरात असते, झूची साइट तिच्या खाली असते.

पोचलात आणि प्राणी दिसतच नाही

आधी वर बघा, रेड पांडा, बिबट्या, स्लॉथ हे फांदीवर असतात आणि लोक जमिनीवर शोधतात. मग काचेच्या अगदी पायाशी, भिंतीच्या सावलीत बघा. तरी नाही तर झाडू मारणाऱ्या किंवा बादली घेऊन जाणाऱ्या कीपरला विचारा, कुठल्या कोपऱ्यात आणि खायला किती वाजता हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं, आणि सांगायला त्यांना आवडतं. पाऊस आला तर पळून जाऊ नका, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या घरात अर्धा तास काढा, पाऊस थांबला की गर्दी गेलेली असते आणि उकाडा कमी झाल्याने बरेच प्राणी बाहेर येतात.