हाती राहिलं धुपाटणं: नायक्रोमची कॉईल घरी कशी वळावी आणि बसवावी

आमच्या सासूबाईंना दिवेलागणीला धूप लागतोच. नाशकात इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये कोळसा पेटवायचा म्हणजे तो आधी गॅसवर जाळी ठेवून फुलवायचा, मग चिमट्यात धरून देवघरापर्यंत न्यायचा, आणि वाटेत एखादी ठिणगी फरशीवर पडलीच समजा. म्हणून विजेवरची तयार धूपदाणी आणली. ती चार महिन्यांत गेली. दुसरी आणली, ती दिवाळीही बघू शकली नाही. उघडून पाहिलं तर आत केसासारखी बारीक तार, आणि तीही नेमकी जोडाच्या जागी तुटलेली. कोळसाही सुटला, धूपदाणीही गेली, हाती राहिलं जुनं मातीचं धुपाटणं. मग त्याच धुपाटण्यात स्वतः वळलेली कॉईल बसवली. त्याचीच ही कृती.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. अशी छोटी कॉईल वळण्याची सगळ्यात बारीकसारीक माहिती देतात ते व्हेपिंगवाले, म्हणजे ई-सिगारेट ओढणारे. त्यांचं उपकरण आपल्याकडे बंद आहे; २०१९ च्या केंद्रीय कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठा करणं, जाहिरात करणं हे सगळंच गुन्हा ठरलं. हात त्यांचा चांगला असतो, तो शिकून घ्यावा. त्यांचे आकडे मात्र उचलू नका. त्यांची कॉईल पावणेचार व्होल्टच्या सेलवर चालते आणि तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, अनेकदा एक ओहमपेक्षाही कमी असतो. तसली अर्ध्या ओहमची कॉईल १२ व्होल्टला जोडली तर ती २४ अँपिअर मागेल. तुमचा अडॅप्टर तेवढा कुठून देणार?

तार घेताना

तार नायक्रोमचीच हवी, म्हणजे ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम. तापल्यावर तिच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तोच आतल्या तारेला जळू देत नाही. लोखंडी किंवा तांब्याच्या तारेला हे जमत नाही. अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांनी १९०६ साली या मिश्रधातूचं पेटंट घेतलं. तेव्हापासून शेगडी, इस्त्री, टोस्टर, पुष्कळ ठिकाणी हीच तार.

पहिल्यांदा मी ऑनलाइन मागवली, अठ्ठावीस गेज म्हणून (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर). हिशोब चोख केला, कॉईल वळली, गुग्गुळ ठेवला. तो नुसता मऊ होऊन वाटीला चिकटून बसला, धुराचा पत्ता नाही. मग भद्रकालीकडे मोटार रिवायंडिंग करणाऱ्या एका काकांकडे गेले.

"अठ्ठावीस गेजची नायक्रोम द्या."

"अठ्ठावीस कुठला, ताई? आमचा का ऑनलाइनवाल्यांचा?"

घोळ तिथेच होता. आपल्या बाजारात ब्रिटिश गेज चालतो, एस.डब्ल्यू.जी. त्यातली अठ्ठावीस नंबरची तार ०.३७६ मिलिमीटर जाड असते. अमेरिकन गेजमधली, म्हणजे ए.डब्ल्यू.जी.ची अठ्ठावीस, फक्त ०.३२१. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही, रोध मोजणाऱ्या मल्टीमीटरला लगेच कळतो. पहिल्या तारेचा एक मीटर सुमारे ९.८ ओहम भरतो, दुसरीचा साडेतेरा. म्हणून दुकानात गेज सांगण्याऐवजी मिलिमीटर सांगा आणि घरी येऊन एक मीटर तार मोजून खात्री करा. या लेखातला सगळा हिशोब ०.३७६ च्या तारेचा आहे.

जुन्या शेगडीची स्प्रिंग सरळ करून वापरू का, असं पुष्कळ जण विचारतात. नका वापरू. एकदा लाल होऊन गेलेली तार ठिसूळ होते. मी प्रयत्न केला होता. तिसऱ्या वेढ्याला कट्कन तुटली, आणि तुटलेलं टोक बोटात गेलं ते वेगळंच.

बाकी सामान साधं आहे. १२ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर, सीसीटीव्ही किंवा एलईडी पट्टीसाठी मिळतो तो. २ अँपिअरचा चालणार नाही, तो लागता-विझता राहील. ५ मिलिमीटर जाडीचा, पूर्ण आटे असलेला, दोन इंच लांबीचा बोल्ट. पितळी स्क्रू दोन, नट आणि वायसरांसकट. तांब्याची १ चौरस मिलिमीटरची वायर, तिच्या टोकांना दाबायची दोन थिंबल, एक छोटा स्विच. पक्कड, चिमटा, मल्टीमीटर. जुन्या इस्त्रीतून निघालेला अभ्रकाचा तुकडा असेल तर जपून ठेवा, कामाला येणार आहे.

हिशोब

माझ्या छोट्या स्टीलच्या वाटीला ३० वॅट पुरतात. वीसच्या खाली राळ नुसती वितळते, चाळीसच्या वर ती धुमसायच्या आधीच करपते. व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट केलं की ओहम मिळतात: १२ गुणिले १२ भागिले ३०, म्हणजे ४.८ ओहम. करंट अडीच अँपिअर. तापल्यावर नायक्रोमचा रोध थोडासाच वाढतो, त्यामुळे गार असताना केलेलं मोजमाप शेवटपर्यंत खरं धरायला हरकत नाही. बल्बच्या तारेचं तसं नसतं.

यातले ०.४ ओहम दोन शेपटांत जातात, म्हणजे कॉईलच्या दोन्ही टोकांना. उरलेल्या ४.४ ओहमसाठी साधारण ४५ सेंटीमीटर तार वेढ्यांमध्ये लागते. बोल्टवर एका वेढ्याला सुमारे १४ मिलिमीटर तार जाते, म्हणजे ३० ते ३२ वेढे. तार कापताना मात्र पाऊण मीटर कापा. धरायला हाताशी थोडी जास्त असलेली बरी.

वळणं

तार आधी साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. ओढताना लावलेलं तेल तिच्यावर असतं आणि पहिल्या तापण्याला त्याचा घाण वास येतो.

आता पहिलं शेपूट. तारेच्या टोकाकडचे दहा सेंटीमीटर मधोमध दुमडा आणि दुमडलेला भाग पकडीने पिळून दुहेरी करा. चार सेंटीमीटरच्या आसपास जाड पाय तयार होईल. हे कशाला? दुहेरी तारेत करंट वाटला जातो, त्या भागाचा रोध निम्मा होतो आणि उष्णताही निम्मीच निघते. स्क्रूच्या तोंडाशी तार गार राहते. माझ्या दोन्ही तयार धूपदाण्या गेल्या त्या नेमक्या याच जागी, कारण त्यांत एकेरी तार थेट स्क्रूखाली दाबलेली होती.

शेपूट बोल्टच्या डोक्याखाली नटाने अडकवा. तारेला सुती फडक्यातून धरा, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत. आता तार बोल्टभोवती फिरवायची नाही, बोल्ट फिरवायचा. तार आपोआप आट्यांच्या खाचेत बसत जाते. या बोल्टच्या दोन आट्यांमधलं अंतर ०.८ मिलिमीटर असतं, त्यामुळे दोन वेढ्यांमध्ये तारेच्या जाडीइतकी फट आपसूक राहते. विणायच्या सुईवर वळून नंतर ताणत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. ताणताना मधले वेढे नेहमी जास्त उघडतात आणि कडेचे तसेच चिकटून राहतात.

ताण मात्र सोडू नका. तांब्याची तार सांगाल तशी वागते. नायक्रोम मनात धरून ठेवते. हात जरा सैल झाला की मागचे चार वेढे उसळून वर येतात. तसं झालं तर तेवढेच चार उलगडून पुन्हा घाला, वरून दाबून बसवायला जाऊ नका.

तीस वेढे झाले की थांबा आणि मोजा. मीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा, आधी त्याच्या दोन पिना एकमेकींना टेकवून काय दिसतं ते बघा (माझ्या मीटरवर ०.४) आणि ते प्रत्येक आकड्यातून वजा करा. पण कॉईल बोल्टवर असताना मोजाल तर बोल्टमधूनच करंट जाईल आणि आकडा खोटा येईल. त्यामुळे आधी नट काढा, कॉईल दोन बोटांत हलकेच धरा आणि बोल्ट उलटा फिरवून बाहेर काढा. तार किंचित मोकळी झालेली असते, त्यामुळे तो सहज सुटतो. आता पहिल्या शेपटापासून शेवटच्या वेढ्यापर्यंत ४.६ ओहम भरायला हवेत. एक वेढा म्हणजे ०.१४ ओहम, त्या मापाने एखाददुसरा वेढा वाढवा किंवा सोडा. मग दुसरं शेपूट दुहेरी करा. ४.७ ते ५ यांच्यामध्ये काहीही आलं तरी चालेल.

बसवणं

धुपाटणं मातीचंच घ्या. जुन्या नाशकात कुंभारवाड्यात पसरट, जाड बुडाचं मिळतं. ते तासभर पाण्यात भिजवा आणि टाइलच्या बिटने, ड्रिलचा हॅमर बंद ठेवून, समोरासमोर दोन भोकं पाडा. कोरड्या मातीला भोक पाडायला गेलात तर तडा ठरलेला. नंतर ते दोन दिवस उन्हात पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात हे काम काढू नका. श्रावणात मी काढलं होतं, आठवडाभर धुपाटणं खिडकीत बसून होतं.

पितळी स्क्रू भोकातून घाला, आत-बाहेर वायसर लावा. आतल्या बाजूला आणखी एक वायसर आणि नट, आणि त्या दोन वायसरांच्या मध्ये कॉईलचं शेपूट. शेपूट स्क्रूभोवती नट ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने गुंडाळा, म्हणजे आवळताना ते आत ओढलं जातं. उलटं गुंडाळलंत तर बाहेर ढकललं जाईल. माती आहे, फार जोर लावू नका. डाग द्यायचा, म्हणजे सोल्डर करायचा, विचार तर अजिबात नको. नायक्रोमला साधा डाग धरत नाही, आणि धरला तरी या उष्णतेत तो वितळून जाईल. बाहेरच्या बाजूला थिंबल लावून वायर जोडा आणि ती उघडी टोकं झाकून टाका.

कॉईल बुडापासून एक सेंटीमीटर अधांतरी असावी. मातीला टेकली तर ती उष्णता मातीला देत बसते. वर मातीचे तीन खडे किंवा विटेचे तुकडे ठेवून त्यावर छोटी स्टीलची वाटी. वाटी आणि कॉईल यांत पुन्हा एक सेंटीमीटर जागा, आणि मध्ये तो अभ्रकाचा तुकडा. वाटी घसरून कॉईलवर बसली तर शॉर्ट होऊ नये, एवढ्यासाठी.

पहिला चटका

वाटी न ठेवता, खोलीतला दिवा मालवून, स्विच दोन सेकंद लावा आणि बंद करा. पुन्हा दोन सेकंद. कॉईल मधल्या वेढ्यांपासून सुरू होऊन दोन्हीकडे सारखी लाल होत गेली पाहिजे. एखादाच वेढा आधी पेटला किंवा फक्त एका टोकाला लाली आली, तर तिथे वेढे एकमेकांना टेकलेत किंवा तार दबली आहे. वीज बंद करा, पूर्ण गार होऊ द्या आणि चिमट्याने ते वेढे सारखे करा. चार-पाच वेळा असं केल्यावर तारेवर काळपट थर येतो. तो खरवडू नका, तीच तिची कातडी. मग सलग दोन मिनिटं चालवा. अंधारात मंद लाल दिसायला हवी. झगझगीत नारिंगी होत असेल तर रोध कमी पडलाय. दोन वेढे वाढवून नवी कॉईल वळा. त्याच वेळी वायरीला आणि स्क्रूच्या बाहेरच्या टोकाला हात लावून बघा. वायर कोमट चालेल, चटका बसायला नको. बसला तर कुठेतरी नट सैल आहे.

अडॅप्टरऐवजी गाडीची बॅटरी वापरणार असाल तर वायरीत ५ अँपिअरचा फ्यूज घाला. बॅटरीला शॉर्ट कळत नाही, ती देत राहते. आणि ही कॉईल चुकूनही भिंतीतल्या २३० व्होल्टला लावू नका. ४८ अँपिअर मागेल, एमसीबी पडेल, पडली नाही तर त्याहून वाईट.

वाटीत ऊद, गुग्गुळ, लोबान हे चिमूटभर. कापूर नाही. कापराची वाफ पटकन पेट घेते आणि खाली लाल तार आहे. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला ("आरतीला काय मग?"). आरतीचा कापूर आता वेगळ्या आरतीतच लागतो. धूर यायला तीन-चार मिनिटं लागतात, तेवढ्यात खिडकी उघडून ठेवा, घरात दम्याचं कोणी असेल तर धूप करूच नका, आणि लाल तार सोडून स्वयंपाकघरात जाऊ नका.

राळ वाटीतच राहू द्या. कॉईलवर थेंब पडला तर तेवढा वेढा कोळशाखाली झाकला जातो आणि तिथेच तार जास्त तापून तुटते. पडलाच तर वाटी काढून कॉईल एक मिनिट कोरडी लाल करा, राळ जळून जाईल, मग गार झाल्यावर मऊ ब्रशने राख झटका. माझी आत्ताची कॉईल मागच्या संक्रांतीपासून चालू आहे. तिच्या दोन बहिणी त्याच बैठकीत वळून देवघराच्या खणात, वातींच्या डबीत ठेवल्यात.