लेझरने कापलेल्या कार्बन फायबरची ताकद तपासताना

लेझरने कापलेली कार्बन फायबरची कड कितीही स्वच्छ दिसली, तरी तिच्या लगतचे साहित्य उष्णतेने किती आतपर्यंत बिघडले आहे हे मोजल्याशिवाय त्या भागावर भार देऊ नये. तंतूंना एकत्र बांधून ठेवणारे इपॉक्सी रेझिन साधारण ३५० ते ४५० अंश सेल्सिअसला विघटित होते, तर कार्बनच्या तंतूची वाफ होण्यास ३,००० अंशांहून अधिक तापमान लागते. म्हणजे तंतू कापला जाईपर्यंत भोवतालचे रेझिन जळून गेलेले असते. शिवाय तंतू आपल्या लांबीच्या दिशेने उष्णता झपाट्याने वाहून नेतात, त्यामुळे ज्यांचे तंतू कापाला काटकोनात आहेत अशा थरांत बिघाड सर्वांत खोल जातो.

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात काम देताना एकाच संथ फेरीऐवजी वेगवान अनेक फेऱ्या, मध्ये थंड होण्यास उसंत आणि नायट्रोजनचा झोत यांचा आग्रह धरावा. नंतर एक तुकडा आडवा छेदून, पॉलिश करून, सूक्ष्मदर्शकाखाली बिघडलेल्या पट्ट्याची कमाल रुंदी मोजावी. तेवढी कड पाण्यासह घासून काढता यावी म्हणून रेखांकनातच जागा सोडावी. घासताना निघणारी कार्बनची धूळ वीजवाहक असल्याने यंत्रांच्या विद्युत भागांपासून ती दूर ठेवणे भागच आहे.

ताकदीची तुलना त्याच शीटमधून, त्याच दिशेने, डायमंड ब्लेडने कापलेल्या नमुन्यांशी करावी. केवळ ताण चाचणीवर विसंबणे मला धोक्याचे वाटते, कारण तंतूंच्या दिशेने ओढल्यास भार तंतूच पेलतात आणि रेझिनचे नुकसान बरेचसे झाकले जाते. वाकवण्याच्या आणि थरांमधील कातर ताकदीच्या (थर एकमेकांवरून सरकण्यास होणाऱ्या विरोधाच्या) चाचण्यांत ते अधिक स्पष्ट दिसते. नमुन्याची रुंदीही ध्यानात घ्यावी. १० मिलिमीटर रुंद पट्टीच्या दोन्ही कडांना अर्धा मिलिमीटर बिघाड असेल, तर दहा टक्के रुंदी बाधित होते, पण १०० मिलिमीटरच्या पट्टीत तोच बिघाड एक टक्का भरतो. म्हणून अरुंद नमुन्यात आढळलेली टक्केवारीतील घट रुंद भागाला जशीच्या तशी लावू नये.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि उन्हातली कार्बन फायबरची काळी शीट त्याहून बरीच तापते, तर खोलीच्या तापमानाला घट्ट केलेली कित्येक इपॉक्सी ६० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतात. हे मऊपण गार झाल्यावर बहुतांशी ओसरते, लेझरचा बिघाड मात्र कायमचा असतो. म्हणून लेझरने आणि ब्लेडने कापलेले असे दोन्ही प्रकारचे नमुने आधी खोलीच्या तापमानाला आणि मग प्रत्यक्ष वापरातील कमाल तापमानाला तपासून चारही निकाल वेगवेगळे नोंदवावेत.