जुना कॉम्प्युटर चालू व्हायला वेळ लावतोय? आधी स्टार्टअपची यादी बघा

डेस्कटॉप दिसतो पण क्लिक केलेलं काहीच उघडत नाही, हार्ड डिस्कचा लाइट नुसता लुकलुकत राहतो, असं होत असेल तर लगेच फॉरमॅट मारायला जाऊ नका. बऱ्याचदा वर्षानुवर्षं टाकलेल्या सॉफ्टवेअरपैकी कितीतरी विंडोजसोबतच आपोआप चालू होत असतात, आणि सगळ्यांनी एकदम फाइली मागितल्या की जुनी फिरती हार्ड डिस्क तिथंच अडकते.

विंडोज १० किंवा ११ असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर येईल, छोटी विंडो आली तर खाली मोअर डिटेल्सवर क्लिक करा आणि स्टार्टअपमध्ये जा. विंडोज ७ वाल्यांनी कीबोर्डवरचं विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबून एमएसकॉन्फिग (msconfig) टाइप करून एंटर मारायचं, तिथल्या स्टार्टअप टॅबमध्ये टिक काढायची.

यादीत स्टार्टअप इम्पॅक्टचा कॉलम असतो. हाय म्हणजे त्या प्रोग्रामने चालू होताना सीपीयूचा १ सेकंदापेक्षा जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचलं-लिहिलं. पण हाय दिसलं की उडव असं करू नका, अँटिव्हायरसपण हाय दाखवू शकतो आणि तो चालूच हवा. स्वतःला एकच विचारा, हे मला कॉम्प्युटर चालू झाल्या झाल्या लागतं का? मीटिंगचं ॲप, गेम लाँचर, गाण्यांचं ॲप, वेगवेगळे अपडेटर, यांच्यावर राइट क्लिक करून बिनधास्त डिसेबल करा, प्रोग्राम कुठे जात नाही, लागेल तेव्हा उघडा. क्लाउडवर फाइली सिंक होत असतील तर ते मात्र राहू द्या, नाहीतर बॅकअप थांबलाय हे कळणारही नाही.

साउंड, ग्राफिक्स, टचपॅड यांच्या नावाचं काही असेल तर हात लावू नका. मी एकदा घाईत सगळंच एकदम बंद केलं, दुसऱ्या दिवशी टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल होईना, आणि नेमकं कशामुळे हे शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली. तेव्हापासून एका वेळी दोन-तीनच बंद करते आणि मग दोन दिवस वापरून बघते. नाव ओळखीचं नसेल तर राइट क्लिक करून ओपन फाइल लोकेशन, फोल्डरच्या नावावरून बहुतेक वेळा कोणाचं आहे ते समजतं.

फरक बघायला शट डाउन नाही, रीस्टार्ट करा, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज स्वतःचा काही भाग डिस्कवर साठवून ठेवतं आणि खरा वेळ कळत नाही.

बंद केलेलं परत उगवलं तर त्या ॲपच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये ऑटो स्टार्टचा पर्याय असतो, तिथून बंद करा. क्रोमचं तर वेगळंच, सेटिंग्जमध्ये सिस्टममध्ये जाऊन बॅकग्राउंड ॲप्सचं बटण बंद करावं लागतं, नाहीतर विंडो बंद केल्यावरही ते मागे चालू राहू शकतं.